धुक्यात भरलेली ओटी

या, बसा. खांबाला टेकलेल्यांनी ताठ व्हा जरा, टेकून कुणाला पुण्य लागत नसतं. आणि ती मागची कोण? मोबाइल पदराखाली घे बाई, उजेड थेट देवीच्या तोंडावर पडतोय. तिला झोप येऊ दे की दुपारची!

मंडळी, ऐका. आजच्या कीर्तनात एकच सवाल टाकणार आहे. सोपा आहे, पण घशाखाली उतरायला अवघड. ज्याचं तोंड आपण रोज बघतो, पडद्यावर बघतो, भिंतीवर बघतो, साबणाच्या कागदावर बघतो, असा माणूस उठून आपल्या दारात आला. म्हणाला, "अमक्याला मत द्या!" आणि आपण दिलं. तर ते मत कुणाचं? आपलं, का त्याचं?

कोण म्हणालं "आपलंच"? विश्वनाथ, तू? मग ते केसाचं तेल कुणाच्या सांगण्यावरून आणलंस रे? टोपी काढ बघू. काढ, काढ! बघा मंडळी, उगवलंय का काही? नाही ना! तेलाचं एक ठीक आहे, डोकं त्याचं एकट्याचं आहे. मत म्हणजे साऱ्या गावाच्या डोक्यावरचं तेल!

हसून झालं? आता डोळे मिटा. मिटा म्हणते ना! बाबूराव, पेटीचा सूर एकच धरून ठेव, बारीक. तो सूर म्हणजे झरा समजा. डोंगरातून येतोय. लांबून येतोय...

*डोंगराच्या कुशी माझ्या आईचं गं घर*
*दारी झुळझुळ पाण्याचा पदर*

पाणसरे नावाचं गाव. पाठीला डोंगर, डोंगराच्या पोटात वाघजाईचं देऊळ, आणि देवळाच्या उंबऱ्याखालून निघालेला झरा. मनगटाएवढा, जास्त नाही. पण उन्हाळ्यात सगळ्या विहिरींनी तळ दाखवला तरी हा आपला बोलतोच आहे. गाव त्यावर जगायचं. देवीची अंघोळ त्याच पाण्यानं आणि बाळंतिणीचीही त्याच पाण्यानं.

देवीची पूजा होती ठकूबाई गुरविणीकडं. खरं तर तिच्या नवऱ्याकडं, पण तो गुडघ्यांनी अधू. मग चाळीस वर्षं ठकूबाईच पहाटे पायऱ्या चढायची. देवीला न्हाऊ घालायचं, मळवट भरायचा, नऊवारी लुगडं नेसवायचं. दगडाला लुगडं नेसवून बघितलंय का कुणी? दगड हात वर करत नाही, वळत नाही, "घट्ट झालं गं" म्हणत नाही! ठकूबाईच्या बोटांना मात्र त्या दगडाची कंबर पाठ झालेली. डोळे मिटून निऱ्या घालायची. बोटं जागी, बाई अर्धी झोपेत. त्या बोटांनीच तर घोळ केला, ऐका!

त्या साली सरपंचपदाची निवडणूक लागली. एकीकडं संपतराव, निशाणी छत्री. गडी वाईट नव्हता हो, लग्नाकार्याला धावून यायचा. पण त्याच्या मनात डोंगरावर खडी फोडायचं मशीन बसवायचं होतं. दुसरीकडं शेवंता, निशाणी कपबशी. ठकूबाईची शेजारीण, अंगणवाडीत शिकवणारी. ती म्हणायची, "डोंगर फुटला की झरा फुटला. मशीन येऊ द्यायचं न्हाई." ठकूबाईनं तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता, "पोरी, माझं मत तुला. झरा ऱ्हाऊ दे."

आता गावाला शेवंता रोज दिसणारी. रोज दिसणाऱ्याचं काय कौतुक? संपतरावानं मुंबईहून नटी आणली!

आणि नटी कोणती? अहो, 'डोंगरची आई' नावाची मालिका लागायची, त्यात देवी व्हायची ती. तेजल नाडगौडा तिचं नाव. ते नाव गावात कुणाला ठाऊक? एकालाही नाही! साडेसात वाजले की पाणसऱ्याच्या बाया टीव्हीपुढं उदबत्ती लावायच्या. टीव्हीपुढं! तुमच्यात नाही ना कुणी लावत? माना खाली घालू नका, मी नावं घेत नाही.

कायदा म्हणतो, देवाच्या नावानं मत मागू नये. मग तिनं कुठं मागितलं? तिनं नुसता मुकुट घातला!

शुक्रवार होता. सकाळची वेळ, आणि धुकं... असं धुकं, की आपलाच हात आपल्याला पाहुणा वाटावा. झाडं नाहीत, वाट नाही, नुसता झऱ्याचा आवाज. ठकूबाई देवीची शुक्रवारची ओटी घेऊन निघालेली. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. पाय वाट ओळखत होते, ती आपली चालत होती. मनात काही नव्हतं. पायरीपाशी आली, आणि धुकं दोन्हीकडं सरलं. जसा कुणी पडदा धरावा तसं.

समोर देवी!

हिरवं लुगडं. कपाळभर मळवट. मुकुट. गळ्यात कवड्यांची माळ. उजवा हात वर. देवी हलली, मंडळी! डोळ्यांची पापणी लवली! चाळीस वर्षं जी कधी वळली नाही, ती वळली आणि ठकूबाईकडं बघून हसली.

ठकूबाईला काही सुचलं असेल का? विचार करायला माणूस जागा लागतो. तिचे हात आपले आपण उठले. हळदकुंकू लावलं. खण उलगडला, ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ घातला. ओटी भरली, आणि पायऱ्यांवर डोकं टेकून रडली. "आलीस गं आई," म्हणाली, "चालत आलीस!"

धुक्यामागं जीप उभी होती. जीपवर कर्णा होता. कर्ण्यातून आवाज आला, गोड, मधासारखा, "तुम्ही माझी ओटी भरलीत. आता मी मागते ते मला द्या. छत्रीवर मत द्या!"

बोला! ओटी घेतल्यावर देवीनं मागितलं, तर नाही म्हणता येतं का? आमच्यात तरी येत नाही. मागून ढोल वाजले, पाकळ्या उडाल्या, आणि अवघ्या गावानं बघितलं, की गुरविणीनं स्वतःच्या हातानं ओटी भरली. जिला देवीची कंबर ठाऊक, तिनं! मग बाकीच्यांनी काय शंका घ्यायची? बायांची रांग लागली. पायावर पाणी, पाण्याचं तीर्थ. संपतराव छत्री उघडून उभा, ऊन नाही, पाऊस नाही!

तुम्ही विचाराल, आई, या नटानट्यांच्या सांगण्यानं मतं फिरतात का? मी सांगते, त्या सकाळी पाणसऱ्यात फिरली. नटीनं अर्धी फिरवली. उरलेली अर्धी कुणी? ठकूबाईच्या दोन हातांनी.

दुपारी शेवंता आली. चूल गार, ठकूबाई जोत्यावर बसलेली.

"काकू, काय केलंत वो हे?"

"देवी आली हुती, शेवंते."

"देवी?" शेवंताला रडू आवरेना आणि रागही. "काकू, तिच्या मनगटाला घड्याळ हुतं! कवड्यांच्या माळेखाली माइकची वायर हुती! समदं गाव म्हणतंय, गुरविणीनं ओळखली म्हंजे देवीच. आता मी दारोदार काय सांगू? वाघजाई माझ्या विरोधात हाय म्हणून सांगू?"

ठकूबाई हळूच म्हणाली, "घड्याळ मी बघितलं न्हाई गं. मी लुगडं बघितलं."

"आन् झरा, काकू? त्यो कुणी बघायचा?"

गेली पोरगी. तुम्ही म्हणाल, काय मोठंसं? एका म्हातारीची नजर चुकली. नाही मंडळी! जिच्या शब्दावर गाव चालतं, तिची चूक तिच्या घरात मावत नाही. ती गल्लीगल्लीतून फिरते. ठकूबाईला दिसत होतं, आपण ओटी भरली आणि त्याच ओटीत झरा घालून देऊन टाकला.

ती उठली आणि झऱ्यापाशी जाऊन बसली. जेवलेली नव्हती. पाण्यात पाय सोडले. ऊन पानांतून गळत होतं, पाणी बोलत होतं... पेटी, बाबूराव, पेटी... आणि तिचा डोळा लागला.

स्वप्नात काय बघते? पलीकडच्या दगडावर एक बाई बसलेली. मुकुट नाही, माळ नाही. साधं धुवट लुगडं, केस मोकळे, आणि ओंजळीनं स्वतःच्या पायांवर पाणी घेतेय. ठकूबाईनं विचारलं, "तू कोण गं?" बाई काही बोलेना. "काय पाहिजे तुला?" तरी बोलेना. पाण्यात मासोळी यावी तशी नुसती हसली. मग ठकूबाईच म्हणाली, "चाळीस वर्सं झाली. तू माझ्याकडं कधी कायबी मागितलं न्हाईस." बाईनं मान हलवली. नाही. आणि पाण्याचा एक हबका ठकूबाईच्या तोंडावर मारला!

जागी झाली तेव्हा तोंड ओलं होतं. आता ते पाणी स्वप्नातलं का दगडावरून उडालेलं, मला विचारू नका. मी तिथं नव्हते.

दुसऱ्या दिवशी नटी देवळात फोटो काढायला आली. खऱ्या देवीपुढं खोटी, तसा फोटो. ती वाकली नमस्काराला, आणि मागून आवाज झाला, टर्रर्र! अहो, तिचं लुगडं शिवलेलं! पाठीला चेन! निऱ्या टाचून ठेवलेल्या, पायजम्यासारखं पायात घालायचं. आमच्या सुना घालतात बघा लग्नात, दोन मिनिटांत नऊवारी. आणि चार मिनिटांत उसवते!

संपतराव बाहेरून ओरडला, "ठकूकाकू, बघा जरा, गाठ मारा कायतरी!"

ठकूबाईनं गाभाऱ्याचं दार लोटून घेतलं. देवीचं धुतलेलं लुगडं होतं, ते काढलं. "हात वर कर," म्हणाली. पोरीनं केले. "वळ." वळली. ठकूबाईला मोठी गंमत वाटली, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगितल्यावर वळत होतं! निऱ्या घालता घालता बघते, तर पोरीच्या मुकुटाखाली कपाळावर लाल वळ उठलेला. पायाला चिकटपट्टी.

"दुखतंय व्हय गं?"

"रोज दुखतं, आजी." आवाज कर्ण्यातला नव्हता. दमलेल्या पोरीचा होता.

"काल मला म्हणालीस, छत्रीला मत द्या. तुझं मत कुठं हाय?"

"ठाण्याला. पण गेल्या वेळी शूटिंग होतं. नाही दिलं."

"आन् छत्रीवाला काय करणार हाय, ते ठावं हाय?"

"मला कागद दिला होता, आजी. तेवढं वाचलं. विकास करणार आहेत असं होतं त्यात."

ठकूबाईनं काष्टा खोचला. एक तांब्या भरून तिच्या हातात दिला. पोरगी घटाघटा प्यायली. थांबली. पुन्हा प्यायली. "आजी, किती गोड आहे हो! कुठलं?"

"तुझ्या पायाखालचं. त्यो डोंगर फोडणार हाय, मग हे न्हाई ऱ्हाणार."

पोरीचा चेहरा उतरला. वाईट नव्हती हो ती! कुणाची तरी लेकच. म्हणाली, "मी आत्ता बाहेर जाऊन सांगते. छत्रीला नको म्हणून सांगते. माझं ऐकतील ते."

मंडळी, इथं थांबा. श्वास धरा. तुम्ही काय म्हणाला असता? "जा बाई, सांग!" हेच ना? काम फत्ते! मी असते तर तिला दाराबाहेर ढकललीच असती.

ठकूबाई म्हणाली, "नगं. काल तू बोललीस म्हणून मेंढरं तिकडं पळाली. आज तू बोललीस म्हणून हिकडं पळतील. मेंढरं ती मेंढरंच की गं! चूक माझ्या हातानं झालीया, मी बघते. तू तेवढं घरला जा, आन् पायाला तेल लाव."

गेली ती. जीप निघाली, धूळ बसली. पण गाव देवळाच्या पायऱ्यांवर जमून राहिलं. शेवंताच्या बाजूची माणसं म्हणाली, "असं कसं? खऱ्या देवीला इचारा. कौल लावा!" संपतरावाची म्हणाली, "लावा की! आमाला भ्या हाय का?"

कौल म्हणजे ठाऊक आहे ना? देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यानं पाकळ्या चिकटवायच्या आणि सवाल करायचा. उजवी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. आणि पाकळ्या लावायच्या कुणी? गुरविणीनं.

ठकूबाई गाभाऱ्यात गेली. एका हातात पाकळ्या, दुसऱ्या हातात पाणी. सगळं गाव दारात. आता गुरवाच्या घरातली गोष्ट सांगते, बाहेर बोलू नका. पाणी भरपूर लावलं की पाकळी बसून राहते. बोट नुसतं ओलं करून टेकवली की सुकते, आणि गळते. चाळीस वर्षं ठकूबाई दोन्हींना सारखं पाणी लावत आली. आज एकदा, फक्त एकदा, उजव्या पाकळीला बोट थोडं कोरडं ठेवायचं! कपबशीला होकार पडणार. झरा राहणार. शब्द राहणार. झालेली चूक पुसून जाणार. कुणाला कळणार होतं? देवीला? ती तर बोलत नाही!

दारात शेवंता उभी होती. तिचे डोळे म्हणत होते, काकू, लावा!

ठकूबाईचा हात पाकळी धरून वर गेला. देवीच्या खांद्यापाशी थांबला. गाभाऱ्यात अंधार, समईचा उजेड, खालून झऱ्याचा आवाज... आणि ते दगडाचं तोंड. ना हो, ना नाही.

हात खाली आला. तिनं पाकळ्या देवीच्या पायाशी ठेवल्या आणि दारात येऊन उभी राहिली.

"कौल लागणार न्हाई," म्हणाली. "वाघजाईचं नाव मतदार यादीत न्हाई. हाय का? असलं तर दाखवा."

कुणी हसलं, कुणी चिडलं. "मग काल वटी कशी भरली?"

"चुकले." एवढाच शब्द. मंडळी, चाळीस वर्षं जिच्या तोंडून गावानं देवी ऐकली, तिनं भर गावात तो शब्द काढला. "धुकं हुतं. लुगडं बघून हात उठले. ती देवी न्हवती, नाटकात काम करनारी पोरगी हुती. लेकीची वटी भरली, त्यात पाप न्हाई. पण माझी वटी म्हंजे देवीचं मत न्हवं. माझं मत शेवंताला हाय, ते माझं एकटीचं. माझ्या मागं येऊ नगा. संपतरावाला इचारा, मशीन कुठं बसवनार. शेवंताला इचारा, मशीन नगं तर पोरांना काम काय देनार. त्येंची तोंडं बगा. मग काय करायचं ते करा."

शेवंता रडत घरी गेली. दोन दिवस ठकूबाईशी बोलली नाही. कौल लागला असता तर जिंकलीच असती की ती!

आणि निवडून कोण आलं? संपतराव!

काय झालं? तोंडं का पडली? तुम्हाला वाटलं, म्हातारी खरं बोलली की लगेच आकाशातून फुलं पडणार? बऱ्याच बायांच्या डोळ्यांत अजून मुकुटच होता. धुकं एका दिवसात नाही उतरत.

पण पुढं ऐका. मशीन बसवायचं तर ग्रामसभेचा ठराव लागतो. संपतरावानं सभा बोलावली. गुलाल उडालेला गडी, त्याला वाटलं, हात वर होतील आणि चहा येईल. तोच मागून एक म्हातारी उठली. छत्रीलाच मत दिलेली, सगळ्यांना ठाऊक. म्हणाली, "संपत, मशीन झऱ्यापास्नं किती लांब रं?"

"लांब हाय, मावशी."

"लांब म्हंजे? माझ्या घरापास्नं देवळाएवढं, का देवळापास्नं झऱ्याएवढं?"

संपतरावानं कागद चाळले. मग दुसरी उठली, "सुरुंग लावनार का?" तिसरा उठला, "पानी गेलं तर कुठनं देनार? लिहून दे." हे कधी झालं नव्हतं, मंडळी! पाणसऱ्यात प्रश्न विचारायचे ते देवीला, आणि उत्तर सांगायची गुरवीण. त्या दिवशी एकही डोकं ठकूबाईकडं वळलं नाही. ती कोपऱ्यात बसलेली, पदर दातात धरून, हसू दाबत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला कुणी काही विचारलं नाही, आणि बाईला काय सुख झालं सांगू!

ठरावाला हात मागितले. वर गेले ते संपतरावाच्या घरचे तेवढे. त्यांतही त्याच्या आईचा नव्हता! मशीन आलं नाही. सरपंच राहिला संपतराव, झरा राहिला गावाचा. सभा सुटल्यावर शेवंता कोपऱ्यात आली आणि तिनं म्हातारीला हात देऊन उठवलं.

आता डोळे उघडा. तुमच्याकडं वळते, सुटला असं समजू नका.

तुमच्या गावातही कुणीतरी उतरेल. क्रिकेटवाला येईल, सिनेमावाला येईल, गोड गळ्याची कुणी येईल. फोटो काढा, चहा पाजा. दमलेलं लेकरू असतं ते, कागद वाचायला आलेलं. पण कुणी हात वर करून दाखवलं म्हणून आपली मान फिरली, तर ती मान आपल्या धडावर कशाला ठेवायची?

आणि आता जे माना डोलावतायत ना, "आई काय सुंदर बोलली, आई सांगेल तसं", त्यांनाच विचारते. मी कोण रे? मीही तुमच्यापेक्षा हातभर उंचावर उभी आहे. माझ्याही गळ्यात तुम्ही हार घातलाय, माझ्याही पुढं कर्णा आहे. परवा एक जण पाया पडून कानात विचारतो, "आई, यंदा कुणाला?" मेल्या, तुझ्या पाया पडते, मला विचारू नकोस!

हा घ्या हार. काढून ठेवला. मृदंग थांबव, बाबा, पेटीही मिट. आज शेवटी माझ्यामागून काही म्हणायचं नाही. मी गप्प बसते, तुम्हीही गप्प बसा, आणि ज्यानं त्यानं आपापल्या मनात काय वाजतंय ते ऐका.